कप्तानाच्या गळपट्ट्याची खळ

साहेब, आधी शर्टाचं वरचं बटण सोडा. आमच्या गावात कडक कॉलर चालत नाही. नवरदेव असो नाहीतर मंत्री, इथे गळा मोकळाच ठेवायचा आणि कपड्याला खळ लावायची नाही. हसू नका. मी धाकू पाटील. ही गोष्ट आमच्याच घराण्याची आहे, सांगताना लाज वाटते, पण सांगतो.

समोर ती पडकी गढी दिसते ना, तिथे म्हणे एक फिरंगी कप्तान राहायचा. गळ्याभोवती चुण्याचुण्यांचा पांढरा गळपट्टा घालायचा, परातीएवढा. मुंडकं परातीत वाढून ठेवल्यासारखं दिसायचं, असं सांगतात. खाऱ्या वाऱ्याने चुण्या लोंबायच्या, म्हणून तांदळाच्या दाट खळीत बुडवून त्या ताठ कराव्या लागत. ते काम गोदी परटिणीचं.

एका साली पाऊस आलाच नाही. गावात दाणा उरला नाही, कप्तानाचं कोठार मात्र गच्च. सणाला त्याचा वरचा साहेब यायचा होता. कप्तानाने गोदीकडे शेरभर तांदूळ धाडला आणि गावाला कळवलं, सणाच्या दिवशी गळपट्टा संध्याकाळपर्यंत ताठ राहिला तर कोठार उघडीन.

गोदीची लेक मैनी, पाच वर्षांची, तीन दिवस उपाशी. तांदूळ शिजला तशी गोदी वाटीभर पेज पोरीसाठी काढायला गेली. माझ्या पूर्वजाने, गावच्या पाटलाने, तिचा हात धरला. "खळ कमी पडली तर अख्खा गाव मरेल, गोदे. एक दिवस कळ काढ." गाव चुलीभोवती कडं करून बसला. पोर रडत होती, कुणी जागचं हललं नाही. आग लागो असल्या शहाणपणाला.

गळपट्टा संध्याकाळपर्यंत ताठ राहिला. कोठारही उघडलं, पण धान्य साहेबाच्या गलबतात चढलं. कप्तान हसून म्हणाला म्हणे, उघडीन म्हणालो होतो, वाटीन कुठे म्हणालो? दिवेलागणीला मैनी गेली.

गोदीने गाव सोडलं. शिवी नाही दिली, शाप नाही दिला. वेशीवर पाटलाला एवढंच विचारलं, "पाटील, खळ बरी झाली होती ना?"

आजही नवा तांदूळ आला की पहिली पेज परटाच्या लेकीला द्यायची, असा गावाचा नेम आहे. पण तेव्हापासून एकही परीट इथे नांदायला आला नाही. मग गोदीच्या चुलीच्या जागी आम्ही ती पेज ओततो, हात जोडतो आणि घरी येऊन पोटभर जेवतो.