धाकोजीने तोडलेलं तिवरांचं रान

फार फार जुनी गोष्ट. नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे खाडीच्या काठावर एक गाव होतं. गाव आणि समुद्राच्या मधोमध तिवरांचं दाट रान होतं. तिथल्या चिखलात चिंबोऱ्या होत्या, मुळांच्या गुंत्यात कोळंबी वाढे, फांद्यांवर बगळ्यांची घरटी असत.

धाकोजी त्या गावाचा मुखी. त्याचा एकुलता एक मुलगा चिंबोऱ्या धरायला रानात गेला आणि साप चावून मेला.

धाकोजीने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तेरावं उरकलं आणि त्याने कुऱ्हाड उचलली.

"कुठे निघालात?" त्याच्या बायकोने, सकवारने विचारलं.

"रान तोडायला. एक झाड ठेवणार नाही."

"अहो, डसला तो साप. झाडांनी आपलं काय वाकडं केलं?"

"सापाला थारा कुणी दिला?"

गावातल्या जाणत्यांनाही हे पटत नव्हतं. पण पोर गेलेल्या बापाला अडवायचं कुणी? उलट, त्याचं दुःख हलकं व्हावं म्हणून घराघरातून माणसं कुऱ्हाडी घेऊन आली.

तोडता तोडता धाकोजी रानाच्या पोटात पोहोचला. तिथे मुळांखालच्या बिळापाशी एक पाणमांजरी उभी होती.

"मुखी," ती म्हणाली, "माझ्या पिल्लांना अजून पोहता येत नाही. एवढी पुनव जाऊ दे, मग मी आपणहून निघते."

"माझ्या पोराला कुणी सवड दिली होती?"

"पण त्याला मी तर नाही ना नेलं!"

धाकोजीचा हात थबकला. क्षणभर त्याला वाटलं, मागे फिरावं. पण मागे फिरलं तर पोराविना रिकाम्या झालेल्या घरातच जायचं होतं. त्याने डोळे मिटले आणि घाव घातला. बीळ ढासळलं. आतला चिवचिवाट थांबला.

पावसाळ्याआधी रान भुईसपाट झालं. बगळे उडून गेले. कोळंबी खाडीत फिरकेना, जाळी रिकामी येऊ लागली. आणि बेघर झालेले साप गावातल्या घरांच्या कुडांत शिरले.

मग एके दिवशी वादळ आलं. अशी वादळं पूर्वीही आली होती. त्यांचा जोर तिवरांत जिरून जाई. या खेपेस लाटांना अडवायला काहीच नव्हतं. समुद्र सरळ गावात शिरला. शेतांचे बांध फुटले, घरं वाहून गेली. परतताना पाण्याने कित्येकांची लेकरं नेली. सकवारही गेली.

उरलेली माणसं गाव सोडून निघाली. धाकोजीला कुणी शिवी दिली नाही, कुणी सोबत चल असंही म्हटलं नाही.

तो एकटा मागे राहिला. दूरच्या खाडीतून तिवराचं बी आणून तो चिखलात रोवी आणि येणारी प्रत्येक भरती ते उपटून नेई. मरेपर्यंत त्याच्या हातून एकही झाड जगलं नाही.

म्हणून मुलांनो आणि थोरांनो, ध्यानात ठेवा: दुःखाने आंधळा झालेला माणूस वैऱ्याला शोधायला निघतो आणि आपल्याच राखणदाराचा जीव घेतो.