मोराचा साबण

फार पूर्वी नव्हे, पण आता गोष्ट वाटावी इतक्या पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात दोन खोल्यांची एक शाळा होती. थोरल्या खोलीत मोठी मुलं बसत, धाकट्या खोलीत लहान. मोठ्यांना शिकवायला गुरुजी होते आणि लहानांना शिकवायला नव्यानेच आलेल्या एक बाई.

गुरुजी भला माणूस, पण त्यांना एक खोड होती. चांगली वस्तू हाती आली की ती वापरायला त्यांचा जीव धजत नसे. शाळेचा पृथ्वीगोल त्यांनी पिशवीत घालून ठेवला होता, समुद्र मळू नयेत म्हणून. गोष्टींची पुस्तकं कपाटात आणि कपाटाला भलंमोठं कुलूप. घरी पाहुण्यांसाठी सोनेरी काठाच्या कपबशा होत्या. त्यातून चहा प्यायचं भाग्य मात्र अजून कुणाला लाभलं नव्हतं, कारण तेवढा मोठा पाहुणा कधी आलाच नव्हता.

मग साथ आली. जगभर फिरत फिरत ती या गावाच्या वेशीपर्यंत पोचली आणि शाळा बंद झाली. एक-दोन महिने नव्हे, चांगली वर्षभर. गुरुजी तरीही रोज सकाळी शाळेत जात, खोली झाडून काढत, फळ्यावर तारीख लिहीत आणि रिकाम्या बाकांसमोर खुर्चीत बसून राहत. खिडकीत चिमण्यांनी घरटं केलं, ते त्यांनी मोडलं नाही. तेवढाच किलबिलाट, असं म्हणायचे. आतून मात्र बिचारे फार एकटे पडले होते.

वर्षाने साथीचा जोर ओसरला आणि तालुक्याहून निरोप आला. शाळा उघडा, पण वर्ग स्वच्छ ठेवा. पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाई तपासायला येतील. वर्गात साथीला थारा मिळेल असं दिसलं, तर शाळा पुन्हा बंद. निरोपासोबत दोन्ही वर्गांना साबणाची एकेक वडी आली होती. चांगली विटेएवढी, गुलाबी, सुवासिक, आणि वर पिसारा फुलवलेला मोर उमटवलेला.

‘पुन्हा बंद’ हे शब्द गुरुजींनी तीनदा वाचले. त्यांनी पदर खोचलेल्या सासुरवाशिणीसारखी कामाला सुरुवात केली. फरशी घासून घेतली, भिंतींना चुना दिला, दारात रांगोळी काढवली. रस्त्याची धूळ येऊ नये म्हणून खिडक्या लावून टाकल्या. साबणाची वडी पितळी तबकात ठेवली, शेजारी झेंडूचं फूल ठेवलं आणि तबक दाराजवळच्या स्टुलावर मांडलं.

सुभी नावाची एक चुणचुणीत मुलगी खेळून आली ती तबकाशीच थांबली.

“गुरुजी, ह्याच्यानं हात धुवायचे न्हवं?”

“खबरदार!” गुरुजी दचकले. “मोर पुसला जाईल की गं! डॉक्टरीणबाई येऊन जाऊ देत, मग बघू.”

“मंग तवर?”

“तोवर नुसत्या पाण्याने धुवा. आणि पाणी फार सांडू नका, फरशीवर डाग पडतात.”

धाकट्या खोलीत निराळाच प्रकार चालला होता. बाईंनी पहिल्याच दिवशी सुरीने वडीचे दोन तुकडे केले. अर्धा मोर दाराशी, अर्धा संडासापाशी. आत येताना, जेवणाआधी, शिंक आली की, संडासाहून आलं की, हात धुवायचे. आणि किती वेळ चोळायचे? तर दोनचा पाढा म्हणून होईपर्यंत. दिवसभर त्या दारातून ‘बे एके बे, बे दुणे चार’ असा गजर ऐकू येई. दारात पाण्याचा चिखल होई, उघड्या खिडक्यांतून पाचोळा येई आणि मुलं तो झाडून टाकत.

मोर चिरलेला पाहून गुरुजींना कसंसंच झालं.

“बाई, अहो दारात केवढा चिखल! आणि खिडक्या तरी लावा. सगळा कचरा आत येतोय.”

“कचरा झाडता येतो, गुरुजी. कोंडलेली हवा कशी झाडायची?”

“तुमच्या पायी शाळा बंद पडेल एक दिवस,” गुरुजी म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांनाच वाईट वाटलं. पण मनातली भीती काही जाईना.

तपासणीच्या आदल्या दिवशी थोरल्या खोलीतल्या म्हाद्याचा बाप आला. “पोरगं खोकतंय गुरुजी. उद्या घरीच ठिवतो.”

“छे, छे! उद्या नको. बाक रिकामा दिसेल.” रिकामा बाक म्हटलं की गुरुजींच्या अंगावर काटा येत असे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. थोरल्या खोलीत पाऊल टाकलं आणि थबकल्याच. “वा! फरशीत तोंड दिसतंय की!” गुरुजी मनातून हरखून गेले. मग त्या म्हणाल्या, “जरा हात धुते.”

गुरुजींनी दोन्ही हातांनी तबक पुढे केलं. डॉक्टरीणबाईंनी वडी उचलली आणि उलटसुलट करून पाहिली. मोराचं एकेक पीस जिथल्या तिथे होतं.

“किती दिवस झाले ही इथे ठेवून?”

“पंधरा!” गुरुजी अभिमानाने म्हणाले. “एकाही पोराला हात लावू दिला नाही.”

बोलले आणि स्वतःचंच वाक्य त्यांच्या कानांवर आदळलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून म्हाद्या खोकला. त्या बंद खोलीत तो खोकला केवढा तरी मोठा वाटला.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या खिडक्या उघडल्या. म्हाद्याला बाहेर व्हरांड्यात नेऊन तपासलं आणि त्याला व त्याच्या शेजारच्या मुलाला आठ दिवस घरी राहायला सांगितलं.

मग त्या धाकट्या खोलीत गेल्या. दारात चिखल होताच, पायाला लागला. एक बाक रिकामा होता.

“इथे कोण बसतं?”

“गोदी. ती काल शिंकत होती, म्हणून बाईंनी तिला घरी राहायला सांगितलंय,” एक चिमुरडी म्हणाली. “तिचा अभ्यास मी तिच्या उंबऱ्यावर ठेवून येणार आहे.”

दाराशी साबणाची चकती होती, नखाएवढी पातळ. मोर कुठल्या कुठे उडून गेला होता. डॉक्टरीणबाईंनी ती चकती तळहातावर घेतली आणि हसल्या.

बाहेर येऊन त्यांनी वही उघडली. “गुरुजी, एका खोलीकडे पाहिलं तर शाळा चालू ठेवावी. दुसरीकडे पाहिलं तर बंद करावी. सांगा, काय लिहू?”

गुरुजींनी आपल्या खोलीकडे पाहिलं. माझी फरशी बघा, माझ्या भिंती बघा, असं म्हणायला कितीतरी होतं. क्षणभर ते तोंडाशी आलंही. पण धाकट्या खोलीतून पाढा ऐकू येत होता.

“माझ्या खोलीचं खरं तेच लिहा, बाई,” ते म्हणाले. “मी फरशी जपली, पोरं जपायची राहून गेली. पण लहानांची खोली बंद करू नका. माझी चूक त्यांच्या माथी नको.”

आणि ते सरळ तबकापाशी गेले. वडी उचलली, पाण्यात बुडवली आणि चोळायला लागले. “बे एके बे,” त्यांनी सुरुवात केली. सुभीने लगेच त्यांच्याशेजारी हात पुढे केले. मागोमाग रांग लागली. ‘बे दाहे वीस’ होईपर्यंत मोराचा तुरा वितळला होता.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ ते पाहिलं. मग वहीत लिहिलं, ‘शाळा चालू ठेवावी. पंधरा दिवसांनी पुन्हा येईन.’

पंधरा दिवसांनी त्या आल्या. म्हाद्याचा खोकला साधाच निघाला होता, तो परत आला होता. गोदीही आली होती. दारात रांगोळी नव्हती, चिखल होता. पृथ्वीगोल पिशवीबाहेर आला होता आणि दोन महासागरांवर बोटांचे ठसे होते. तबक स्टुलावर होतं, पण रिकामं.

“गुरुजी, साबण कुठे आहे?”

आयुष्यभर वस्तू जपून ठेवणारे गुरुजी ताठ मानेने पुढे आले.

“संपला, बाई!” ते म्हणाले, आणि घरून आणलेल्या सोनेरी काठाच्या कपात त्यांनी डॉक्टरीणबाईंपुढे चहा धरला.

तात्पर्य: जपून ठेवलेला साबण कुणालाच जपत नाही. तो झिजतो, तेव्हा मुलं सुखरूप राहतात.