निंबाजीने पाठवलेली पेटी

टेकाडी गावात निंबाजी नावाचा एक भोळा गडी होता. इतका भोळा, की "सूर्य बुडाला" म्हटलं तर विहिरीत डोकावून यायचा.

गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या उजाड वस्तीच्या, टेकाडावर तेव्हा खोदकाम चाललं होतं. फार जुन्या काळी थेट रोमहून व्यापारी तिथे यायचे म्हणे, आणि त्यांचे रांजण, दिवे, मणी मातीत सापडत होते. खोदकाम बघायच्या वर्तकबाई. त्यांच्याकडे निंबाजी कामाला लागला.

निंबाजीची आई सगुणाबाई खूश झाली. तिने लगेच एक स्थळ आणलं. "पावणे तुजं काम बगायलाच येनार हायती," ती म्हणाली. "बाई सांगतील तसंच कर. तुजं डोकं चालवू नको." बिचारी लेकाच्या लग्नापायी टेकीला आली होती. हे स्थळ गेलं तर दुसरं कुठून आणायचं?

डोकं न चालवणं निंबाजीला अवघड नव्हतं.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "मातीत काही दिसलं तर हात लावायचा नाही. ब्रशने हळूहळू माती झाडायची."

दुपारी खड्ड्याची कड ढासळली आणि ज्ञानोबा मुकादम कमरेपर्यंत मातीत रुतला. निंबाजीने ब्रश आणला. मुकादमाच्या कानापासून सुरुवात केली.

"आरं, हात दे की," मुकादम म्हणाला.

"हात लावायचा न्हाई. बाईंनी सांगितलंय."

बाई धावत आल्या तेव्हा तो भुवया झाडत होता. "अरे शहाण्या," बाई म्हणाल्या, "रुतलेलं दिसलं की दोन्ही हातांनी धरायचं आणि जोर लावून ओढायचं."

"बरं," निंबाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मातीतून एका रांजणाची मान वर आली. दोन कानांचा, उंच, रोमहून दारू भरून आलेला रांजण. असा अख्खा रांजण बाईंनी चित्रातच पाहिला होता. त्या कॅमेरा आणायला तंबूत धावल्या.

रांजण रुतलेला होता. निंबाजीने त्याचे दोन्ही कान धरले आणि जोर लावून ओढलं.

कान तेवढे हातात आले. बाकीच्याची खापरं झाली.

बाई मटकन खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "निंबाजी, जुनी वस्तू नाजूक असते रे. एकदा गेली की परत मिळत नाही. ती कापसात गुंडाळायची. कुठे सापडली, काय शाबूत आहे, त्याची चिठ्ठी बांधायची. पेटीत ठेवायची आणि पुण्याच्या आपल्या कचेरीला जाणाऱ्या गाडीत चढवायची. पुढच्या वेळी मला विचारतसुद्धा बसू नकोस."

निंबाजीला वाईट वाटलं. त्याने खापरं गुंडाळून पेटीत भरली आणि हा धडा मनात पक्का केला.

त्याच दुपारी पाहुणे आले. मुलीचा बाप पांडोबा, मुलीची आजी आणि आजोबा. आजोबा ठार बहिरे. बैलगाडीत दमले होते, ते चिंचेखाली घोंगडी अंगावर घेऊन आडवे झाले.

"लई जुनं मानूस," पांडोबा कौतुकाने म्हणाला. "आता नाजूक झालेत. जपावं लागतंय."

निंबाजीने कान टवकारले. जुनं. नाजूक. पुण्याची गाडी तर दारातच उभी होती.

पाहुणे बाईंबरोबर खड्डे बघायला गेले. पेटी एकच होती, म्हणून निंबाजीने आतली खापरं काढून आजोबांच्या जागी मांडली आणि वर घोंगडी पांघरली. आजोबांना कापसात गुंडाळून पेटीत ठेवलं. आजोबा घोरतच होते. चिठ्ठी बांधली: "चिंचेखाली सापडले. कान दोन्ही शाबूत. दात नाहीत."

"कालच्यापेक्षा जड लागतीया," पेटी चढवताना ड्रायव्हर म्हणाला.

"जुना माल हाय," निंबाजी म्हणाला. "सांभाळून न्या."

सगुणाबाईने पोहे आणले. "आजोबांना उठवा की," ती म्हणाली.

"झोपू द्या," म्हणत पांडोबाने घोंगडीशेजारी पोह्यांची बशी ठेवली. आजीने मायेने घोंगडी थोपटली. आतून खापर वाजलं.

"लई वाळल्यात," आजी म्हणाली.

पोहे संपले, बोलणी रंगली, उन्हं कलली. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. पुण्याच्या कचेरीतून होता. बाई ऐकत गेल्या आणि पांढऱ्या पडत गेल्या. त्यांनी घोंगडी उचलली. खाली रोमची खापरं.

"तुमचे आजोबा पुण्याला पोचलेत," त्या कशाबशा म्हणाल्या. "चहा मागताहेत."

पांडोबा ताडकन उठला. सगुणाबाईने कपाळावर हात मारून घेतला. लग्न मोडलं, याबद्दल तिला शंकाच उरली नाही.

"थांबा," बाई म्हणाल्या. "त्यांचा निरोप आहे. ते म्हणतात, सगळी हयात घरच्यांसाठी राबलो, पण मला असं कापसात कुणी ठेवलं नाही. पोरगा पसंत आहे. नात इथंच द्यायची."

सगुणाबाई रडायलाच लागली. पांडोबा तिथेच खाली बसला. घरात आजोबांचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती, त्यामुळे लग्न ठरलं.

निंबाजीचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. तो मघापासून आजीकडे बघत होता.

"बाई," त्याने विचारलं, "कापूस उरलाय का?"