उपरण्याखालचे हात

गोष्ट इतकी जुनी आहे की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही, आणि आठवून काही उपयोगही नाही. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही तर जरा जास्तच कान देऊन ऐका. ही गोष्ट सांगून सांगून माझा घसा बसला, पण काय करणार, दर पिढीला ती पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.

एका नदीच्या काठी एक नगर होतं. वर डोंगरावर किल्ला, किल्ल्यात कोठड्या. त्या नगरात एक चांगली रीत होती. कुणाला कैद झाली की नगराचे पंच किती महिने ते ठरवून देत. जितके महिने तितक्या गाठी मारलेला दोर कैद्याच्या घराच्या दारावर टांगला जाई. दर पौर्णिमेला घरच्यांनी एक गाठ सोडायची. शेवटची गाठ सुटली की सरळ झालेला दोर घेऊन किल्ल्यावर जायचं. किल्लेदार दोरावरची पंचांची लाखेची मोहर बघे आणि एक अक्षर न बोलता माणूस सोडून देई.

कैद ती कैदच, ती कुणाला गोड लागणार? पण "बाबा कधी येणार?" असं लेकराने विचारलं तर आईला दाराकडे बोट दाखवता येई.

हे दोर ठकूबाई वळायची. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, काढायचा, भिजवायचा, पीळ द्यायचा. हाताची सालटं निघालेली. नवरा तरुणपणीच गेला. मागे एकुलता एक मुलगा, केरबा. तो नदीवर नाव चालवी. बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात. "सांगाल तसा दोर वळीन," एवढंच तिचं म्हणणं.

एका वर्षी नदीपलीकडे शत्रूच्या शेकोट्या दिसल्या. झालं! जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघू लागला. लगेच पंचांची सभा बसली. नऊ पेठांचे नऊ पंच, आणि वर प्रधान. सभेपुढे विषय असा, की ज्याचा नुसता संशय आला त्याला कोठडीत टाकावं आणि संशय फिटेपर्यंत ठेवावं. किती महिने? ते ठरवायचं नाही. संशय कुणाला आला? तेही विचारायचं नाही.

आता हे पंच मत कसं देत ते सांगतो. बैलबाजारात सौदा पाहिलाय ना? दोघे उपरण्याखाली हात घालतात, बोटं दाबतात, बघणाऱ्याला काही म्हणता काही कळत नाही. इथेही तसंच. प्रधान उपरणं धरून एकेका पंचापुढे जाई. एक बोट दाबलं तर 'नको'. सगळी मूठ दाबली तर 'हो'. कुणी काय दाबलं ते प्रधानाला ठाऊक, आणि प्रधानाला न बोलण्याची शपथ. बाहेर यायचा तो फक्त आकडा. त्या दिवशी दवंडीवाला पेठापेठांतून ओरडत गेला, "सात मुठी, दोन बोटं! कायदा मंजूर हो!"

लोकांनी ऐकलं आणि आपापल्या कामाला लागले. ठकूबाईही लागली.

चार दिवसांनी शिपाई तिच्या अंगणात आला.

"आक्का, एक दोर पाहिजे. पण गाठी नकोत."

"बिनगाठीचा दोर म्हणजे सुटका. वेडबिड लागलं का तुला?"

"सुटका नाही गं बाई. गाठी किती ते ठरलेलंच नाही. असं कर, टोकंच नसलेला दोर दे."

ठकूबाईने जरा विचार केला. दोराची दोन्ही टोकं उकलली, एकमेकांत विणली, भिजवून दगडाने ठेचली, आणि असं एक कडं केलं की सांधा कुठे आहे ते तिचं तिलाही सापडेना. शिपाई बघतच राहिला. "वा आक्का! हाताला काय गुण आहे!" खोटं कशाला सांगू, तिलाही ते ऐकून बरं वाटलं.

ते पहिलं कडं नदीकाठच्या म्हाताऱ्या परटाच्या दारावर गेलं. त्याच्यावर संशय काय, तर तो घाटावर लाल लुगडी वाळत घालून पलीकडे खुणा करतो. अहो, लोकांची लुगडीच लाल, त्याला तो काय करणार! पण विचारणार कोण? मग दुसरं कडं झालं, तिसरं झालं, अकरा झाली. परटीण वाटेत दिसली की ठकूबाई पदर पुढे ओढून दुसऱ्या बोळात शिरायची.

एका सकाळी शिपाई आला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "आक्का, अजून एक." तिने वळून दिलं. तिसऱ्या प्रहरी ती वाख धुऊन घरी आली, तर तेच कडं तिच्या दारावर टांगलेलं.

केरबाने कुणा अनोळखी माणसाला नदीपार नेलं होतं. एवढाच संशय. उतारूला कोण, कुठला, कशाला चाललास असं विचारत बसला तर नावाडी उपाशी मरेल. पण ते ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

तुम्ही म्हणाल, कापून टाकायचं ते कडं! कापलेला दोर किल्लेदार घेत नसे. मग उकलायचं? ठकूबाई सात दिवस उंबऱ्यात बसून ते कडं चाचपत होती. सांधा सापडला नाही. तो तिनेच बेमालूम केला होता ना. ती किल्ल्यावर गेली तेव्हा किल्लेदार कनवाळूपणे म्हणाला, "बाई, सरळ दोर आण, या क्षणी सोडतो. याला टोकच नाही, मी काय करू?" भाकरीचं गाठोडं आत पाठवून ती परतली.

मग तिने पंचांची घरं धरली. आधी आपल्या पेठेचे अण्णा. यांनीच केरबाच्या बारशाला पाळण्याची दोरी ओढली होती.

"अण्णा, तुम्ही काय दाबलं होतं?"

"अगं आक्का, मी? मी बोट दाबलं. या कायद्याला मी कसा हो म्हणेन? पण एकट्याच्या बोटाने काय होतंय? बस, ताक घे."

ती ताक प्यायली. दुसऱ्या पेठेत गेली. तिथल्या पंचानेही बोटच दाबलं होतं. तिथेही ताक मिळालं. तिसऱ्यानेही बोट. चौथ्याने तर तिच्यापुढे बोट उभं करून दाखवलं. पेठा लांब लांब, बाईचे गुडघे दुखायचे. एका घरी पंच पूजेत असत, दुसऱ्या घरी गावाला गेलेले असत, तिसऱ्यांदा गेलं की भेटत आणि सांगत, "बोटच बरं का!" आठ पंच झाले, त्यात महिन्यामागून महिने गेले. आठही बोटं. कुणी वाईट बोलला नाही, कुणी हाकलून दिलं नाही. एवढ्या गोड माणसांच्या हातून तिचा मुलगा कोंडला गेला तरी कसा, हेच तिला उमगेना. घरी आली की ती नुसती बसून राही. चूलही पेटवावीशी वाटत नसे.

नववे पंच म्हणजे म्हातारे सुभेदार, नगरात सगळ्यांत खडूस. त्यांनी बसायलाही सांगितलं नाही.

"मी मूठ दाबली," ते म्हणाले. "पलीकडे शेकोट्या होत्या. मला भीती वाटली. आजही दाबीन. जा आता."

ठकूबाई परत निघाली. नवल असं, की त्या दिवशी तिचे पाय जरा कमी दुखले. निदान एक माणूस असा सापडला होता ज्याच्यावर रागवता येत होतं. आणि घाटाजवळ येता येता तिच्या ध्यानात आलं, की असा दुसराही एक माणूस आहे. ती वळली ती थेट परटिणीच्या दारात गेली.

"बाई, तुझं कडं मी वळलं."

परटीण कपडे पिळत होती. तिने मान वर केली नाही. "ठाऊक आहे. असा सांधा दुसऱ्या कुणाला येतो? ये, बस." ताक तिच्या घरी नव्हतं. दोघी अंधार पडेपर्यंत बोलत बसल्या, आणि बाकीच्या दहा घरी जायचं ठरवून उठल्या.

त्या नगरात दर तीन वर्षांनी चैत्रातल्या जत्रेला पंच आपापल्या दगडी आसनापुढे उभे राहत आणि पेठेला विचारत, "बसू का?" लोक म्हणत, "बसा." कुणी कधी 'नका बसू' म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. लोकांचं लक्ष जिलेबीकडे असे.

त्या चैत्रात केरबाला आत जाऊन चौदा महिने झाले होते. अण्णांनी धोतर सावरत विचारलं, "बसू का?" आणि लोकांनी तोंड उघडायच्या आत ठकूबाईने त्यांच्या आसनावर दोराचं कडं आणून ठेवलं. मागोमाग परटीण. मग बाकीची दहा घरं. बारा कडी एकावर एक पडली.

"ही बारा कडी माझ्या हातची आहेत," ठकूबाई म्हणाली. "कुणासाठी ते मी विचारलं नाही. कौतुक केलं तेव्हा खूश झाले. हा माझा हात, सगळ्यांनी बघा, थुंकायचं तर थुंका. आता पंचांनी आपले हात दाखवावेत. उपरण्याशिवाय. मूठ कुणी दिली होती?"

प्रधान जमिनीकडे बघू लागला. मग सुभेदारांनी सगळ्यांदेखत मूठ वर केली. बाकी आठ जणांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि आठ बोटं वर आली.

"एक मूठ, आठ बोटं," कुणीतरी मोजलं.

"अहो, पण मी तर सात मुठी ओरडलो होतो!" दवंडीवाला एकदम बोलून गेला. एक-दोघे हसले, आणि मग त्यांचं हसूही विरलं. ज्याला त्याला हिशेब कळला होता. उभ्या आठांतले सहा जण खोटं बोलत होते.

परटीण पुढे आली. जन्मात कधी चारचौघांत न बोललेली बाई. "सुभेदार, तुम्हाला आम्ही 'बसा' म्हणणार नाही. पण तुमच्या घरचं पाणी पिऊ. आणि तुम्ही आठ जण, तुमच्यातले सहा कोण ते आम्हाला माहीत नाही. आमचा नुसता संशय आहे. तेव्हा संशय फिटेपर्यंत उभेच राहा."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आक्का, मी खरंच बोट दाबलं होतं गं."

"असेलही, अण्णा," ठकूबाई दमलेल्या आवाजात म्हणाली. "मग चौदा महिने ते उपरण्याखाली कशाला ठेवलंत?"

ऊन कलेपर्यंत नऊही जण उभे होते. कुणी 'बसा' म्हटलं नाही.

लोकांनी नवे पंच निवडले. त्यांनी पहिल्याच दिवशी उघड्या हातांनी तो कायदा मोडीत काढला. कडी घेऊन सगळे किल्ल्यावर गेले. किल्लेदार एकेक कडं दारातच कापी आणि एकेक माणूस सोडी. अकरा जण बाहेर आले. केरबा ओळखू येत नव्हता. उजेड सोसवेना म्हणून त्याने डोळ्यांवर हात धरला होता, आणि त्याच्या आईला त्याचं तोंड नीट बघताही येईना.

परटिणीने आपलं कडं पुढे केलं. किल्लेदाराने वही चाळली, घसा खाकरला. "परीट गेल्या थंडीतच वारला, बाई. खाली कळवायचं राहून गेलं."

परटिणीने ते न कापलेलं कडं ठकूबाईच्या हातात दिलं. "हे तू ने, आक्का. माझ्या दारावर नको."

उतरताना केरबा म्हणाला, "आई, आत सगळे सांगायचे, कडी तुझ्या हातची आहेत म्हणून. मी म्हणायचो, खोटं आहे."

"खरं आहे," ती म्हणाली. केरबाने मान हलवली आणि तिच्या डोक्यावरचं गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं. खाली घाटावर त्याची नाव कुजून फुटली होती. ती त्याने पुन्हा पहिल्यापासून बांधली.

परटाचं कडं ठकूबाईने आपल्या दारावर टांगलं आणि मरेपर्यंत काढलं नाही. कुणी दोर मागायला आलं की ती आधी विचारायची, "कुणासाठी? किती गाठी?" उत्तर मिळाल्याशिवाय ती वाखाला हात लावत नसे. आणि उपरण्याखालचे सौदे बैलबाजारात परत गेले.

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच, की दुसऱ्याचं दार बंद करणारा प्रत्येक हात उघड्यावर दाखवायला लावा, आणि आधी आपला दाखवा.