मिरचीच्या शाळेतली हजेरी

“मग रिकामी इमारत तशीच पडू द्यायची का, बाई?”

रोहिदास गावितने हे तिसऱ्यांदा विचारलं. अनुसयाबाईंनी लाल मिरच्यांनी भरलेलं सूप तेवढं त्याच्यापुढे सरकवलं.

“देठ खुडता खुडता बोल. हाताला काम असलं की तू खरं बोलायचास.”

रोहिदास हसला. तो आता जिल्ह्याच्या शिक्षण समितीचा सभापती होता. बाहेर त्याची गाडी उभी होती, ड्रायव्हर होता. पण ज्या बाईंनी छडी न उगारता पाढे पाठ करून घेतले, त्यांना नाही कसं म्हणायचं? पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या सारून तो देठ खुडायला बसला.

“आपल्याच गावचं बघा ना. दोन वर्षांपूर्वी शाळा मिरचीच्या व्यापाऱ्याला भाड्याने दिली. काय बिघडलं? पत्रे त्याने बदलले, कुंपण त्याने घातलं. खात्याचा एक खिळा लागला नाही. वर भाडं येतंय. त्यातून तालुक्याच्या शाळेत कॉम्प्युटर बसवले.”

“बरं केलंस.”

“उद्या सभेत अशाच चाळीस बंद शाळांचा ठराव आहे. तुम्ही फक्त व्यासपीठावर येऊन बसा. इथल्या निम्म्या लोकांना तुम्ही शिकवलंय. तुम्ही दिसलात की कोणी उठून बोलणार नाही.”

“म्हणजे लोकांची तोंडं बंद करायला मी यायचं.”

“तसं नाही हो, बाई…”

“तसंच आहे. लाजतोस कशाला?”

बाईंनी चष्मा पुसला. मग अगदी सहज विचारलं,

“शाळा रिकामी कधी झाली रे?”

“पट नवावर आला तेव्हा.”

“नऊ म्हणजे रिकामी?”

रोहिदासने एक देठ जरा जोरातच तोडला.

“नऊच्या नऊ मुलांचं समायोजन झालंय, बाई. सगळ्यांचे दाखले नदीपलीकडच्या शाळेत गेले. जायला जीप ठरवून दिली. एकही मूल सुटलेलं नाही.” त्याने शेजारच्या फाईलवर थाप मारली. “यात सगळं आहे.”

बोलण्याच्या भरात त्याने तोच हात कपाळाच्या घामावरून फिरवला, आणि तो डोळ्याला लागला.

“आई गं…”

“चोळू नकोस.” बाईंनी तांब्याने पाणी घातलं. “किती खुडल्यास?”

“असतील पसाभर.”

“पसाभर…” बाई उठल्या. पायात वहाणा सरकवल्या. “चल. गाडी राहू दे. पायीच जाऊ.”

शाळा हाकेच्या अंतरावर होती. एक डोळा मिटून रोहिदास बाईंच्या मागून चालत होता. निवृत्त झाल्यावरही बाई रोज सकाळी शाळेत यायच्या, हे त्याला ठाऊक होतं. शिकवायला नवे मास्तर होते. बाई फक्त हजेरी घ्यायच्या. दाराला कुलूप लागेपर्यंत त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता.

त्यांची हजेरीची तऱ्हाच वेगळी होती. नाव पुकारलं की ज्याचं त्याने ‘हजर’ म्हणायचं नाही. शेजारच्याने सांगायचं, आलाय की नाही. आणि नसला तर का नाही, तेही शेजाऱ्यानेच सांगायचं. “आपण आलो हे कोणीही ओरडून सांगेल,” बाई म्हणायच्या. “शेजारचा आलाय का, हे बघायला मान वळवावी लागते.”

उंबऱ्याचाही त्यांचा एक नेम होता. उशिरा आलेला दारात घुटमळला तर बाई त्याचं नाव खोडून टाकत. आत यायचं, जागेवर बसायचं, मग आलास. रोहिदासचं नाव असं कितीदा तरी खोडलं गेलं होतं. आठवून त्याला हसू आलं.

फाटकाशी मुकादम धावत आला.

“साहेब! आधी कळवायचं तरी. शेठ नाहीत आज…”

“असू दे. बाईंना शाळा बघायचीय.”

“आत नका जाऊ, साहेब. ठसका लागेल. मी खुर्च्या टाकतो ना बाहेर.”

बाई तोवर व्हरांडा चढून गेल्या होत्या.

रोहिदास इथे आला होता तो करार झाला त्या दिवशी. तेव्हाही फीत फाटकाशीच कापली होती. आत तो आज पहिल्यांदाच येत होता. दारात पोचला आणि त्याला असा ठसका लागला, की चौकटीला धरून उभं राहावं लागलं. दुसऱ्या डोळ्यालाही पाणी आलं. त्या पाण्यातून त्याला भिंतीवरची बाराखडी दिसली. निम्मी अक्षरं मिरचीच्या धुळीने लाल झाली होती.

फळ्याखाली मिरच्यांचा ढीग होता, आणि त्याच्यासमोर ओळीने बाया बसल्या होत्या. तोंडाला फडकं बांधलेलं, हात एकसारखे चाललेले.

बाया?

त्याने डोळे पुसले. पुन्हा पाहिलं. पुढच्या ओळीतल्या बाया फारच लहान होत्या.

बाई उंबरा ओलांडून आत गेल्या. पूर्वी जिथे टेबल असायचं तिथे उभ्या राहिल्या. हातात वही नव्हती.

“रविता.”

ओळीतले हात थांबले. रविताच्या शेजारणीने मान वळवली. नाकावरचं फडकं खाली ओढलं. तिच्याही ध्यानात येण्याआधी तोंडून निघून गेलं,

“आलीय, बाई!”

“सुमी.”

“आलीय.”

“जमुना.”

“आलीय, बाई. खोकला झालाय तिला.”

रोहिदासच्या काखेत फाईल होती. त्या फाईलमध्ये ही तीन नावं होती, याच क्रमाने. पुढे शिक्का होता, सही होती. त्याचीच.

“अजय.”

“तो नदीपलीकडे जातो शाळेत. त्याच्याकडे सायकल आहे.”

“आणि जीप?” रोहिदासने दारातूनच विचारलं.

पोरींनी एकमेकींकडे बघितलं.

“आली होती की,” सुमी म्हणाली. “आठ दिवस. मग पाऊस झाला, नदीला पाणी आलं. मग नाही आली. घरचे म्हणाले, एकट्या पोरी कुठे पाठवायच्या…”

“इथे आपली शाळाच आहे ना,” जमुना म्हणाली. त्याची समजूत घालावी तशी. “ओळखीची. घराजवळची. मी माझ्याच जागेवर बसते.”

मुकादम मधे पडला. “साहेब, आईबापच आणून सोडतात. आम्ही काय कोणाला ओढून आणतो का?”

त्याच्याकडे कोणीच पाहिलं नाही.

“मोगरा,” बाईंनी पुकारलं.

…

“मोगरा.”

रविताने शेजारी पाहिलं. तिच्या आणि भिंतीच्या मधे एका पोरीपुरती जागा मोकळी होती.

“मोगरा नाही येत, बाई. तिला देऊन टाकलं. होळीच्या आधी.”

रोहिदासला आधी कळलंच नाही. मग कळलं. लग्न लावून दिलं. तिचा पाचवीचा दाखला त्याच्या फाईलमध्ये होता. पाचवी आणि दोन वर्षं. त्याने बोटांवर मोजायला घेतलं आणि मधेच थांबला. ती बोटं जळत होती. पसाभर मिरच्यांनी.

“बाई…” त्याने चौकट सोडली नव्हती. “मला हे माहीत नव्हतं, बाई. देवाशप्पथ. कागदावर सगळं…”

बाईंनी उरलेली चार नावं पुकारली. एका मुलीसाठी ‘आलीय’ आलं. दोन पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती. एकाचं कोणालाच सांगता आलं नाही, कारण त्याच्या शेजारी बसणारा अजय तिथे नव्हता.

“बाई, उद्या सभा आहे,” रोहिदास म्हणाला. “चाळीस गावं आहेत. मी… मी काय सांगू तिथे?”

बाईंनी खोलीवरून नजर फिरवली आणि त्याच स्वरात पुकारलं,

“रोहिदास.”

…

तोंडाशी आलेलं ‘हजर’ त्याने गिळलं. ज्याचं त्याने सांगायचं नव्हतं. त्याने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. त्याच्या शेजारी कोणीच नव्हतं.

रविताने मात्र मान वळवली. त्याच्याकडे नीट निरखून बघितलं.

“आलेत, बाई,” ती म्हणाली. “दारात उभे आहेत.”

“दारातला मी धरत नाही, पोरी.”