अदलाबदलीचे चिरे

अहो, त्या चिऱ्यावर नका बसू. दमला असाल तर इकडे पायरीवर टेका, पण तिथं नको. तिथं बसणाऱ्याला दुसऱ्याची वकिली करावी लागते. हसताय कसले? आमच्या नेरपाण गावात भल्याभल्यांना करावी लागली आहे.

हा जो सपाट तुकडा दिसतो ना, हा आमच्या गावचा मांड. बाकीचं गाव नुसतं उतारावर, पाण्याचा तांब्या ठेवला तरी कलंडेल. चार माणसं नीट मांडी घालून बसतील अशी जागा ही एवढीच. कीर्तन असो, नाटक असो, कोणाचं लग्न असो, सगळं इथंच. आता वर पत्र्याचं छप्पर आलंय, पूर्वी माडाच्या झापांची माटवी असायची. समोर ते देवीचं देऊळ, आणि देवळासमोर समोरासमोर ठेवलेले हे दोन जांभ्याचे चिरे. त्यांची ही हकिकत. किती वर्षं झाली ते विचारू नका, माझ्या पणज्यालाही माहीत नव्हतं.

त्या काळी मांड महिन्यातून एकदाच, पौर्णिमेला, लोकांसाठी मोकळा व्हायचा. एरवी तो देवीचा. आणि वैशाख संपला की पाऊस, मग थेट कार्तिकापर्यंत सगळं बंद. तेव्हा एका पौर्णिमेसाठी दोघंदोघं मागायला यायचे. मग द्यायचा कोणाला? ते देवी ठरवायची. गुरवानं देवीपुढे दोघांचं गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे कोणाला मांड कशासाठी हवा ते सांगायचं. जमलेल्या गावानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मग देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना एकेक ओलं पान चिकटवायचं, ज्याचं पान आधी गळेल त्याला मांड. याला कौल म्हणतात. एकदा कौल झाला की कोणी चकार शब्द काढायचा नाही.

त्या वेळचा गुरव रवळू. सरळ माणूस, असे सांगतात. कोणाच्या घरचा नारळसुद्धा जास्तीचा घेतला नाही त्यानं. म्हणून तर बिचाऱ्याच्या डोक्याचा एवढा भुगा झाला. लबाड असता तर निवांत झोपला असता.

गावाच्या खालच्या अंगाला कुंभारवाडी होती. तिथला धाकू कुंभार घुमट वाजवायचा. घुमट म्हणजे मातीचं मडकंच, तोंडाला चामडं ताणून बसवलेलं. अख्ख्या गावाची घुमटं धाकूच्या चाकावरची. देवळातलं त्याचं, परबांच्या ओटीवरचं त्याचं. पण कुंभारवाडीच्या घुमटांचा मेळ मांडावर कधी झाला नव्हता. तीन वर्षं त्याची बायको आवडी वैशाख पौर्णिमा मागायला येत होती आणि तिन्ही वर्षं पान दुसऱ्याचं गळलं. एकदा नाटकवाल्यांचं, दोनदा मानकऱ्यांपैकी कोणाचं तरी. आवडी पदर सावरून आली तशी निघून गेली.

चौथ्या वर्षी ती पुन्हा आली. धाकू अंथरुणाला खिळला होता. वैद्यानं सांगितलं होतं की हा पाऊस काही तो बघायचा नाही. म्हणजे हीच पौर्णिमा, पुढची नाही. आणि नेमकी तीच पौर्णिमा मानकरी विठोजी परबांना घाटावरच्या एका नामांकित बुवांच्या कीर्तनासाठी हवी होती.

रवळूनं नेहमीसारखं गाऱ्हाणं घातलं, पानं लावली. पानं गळेनात! ना परबांचं, ना धाकूचं. सकाळची दुपार झाली, लोक उठून जेवून परत आले, पानं वाळून कोळ झाली तरी पाषाणाला घट्ट. असं कधी झालंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी रवळूनं विहिरीचं पाणी बदलून ओढ्याचं आणलं. पानं दुसऱ्या झाडाची घेतली. उपास धरला. मनात म्हणाला, माझ्याकडून काही विटाळ झाला असेल. पण काय झाला, ते काही आठवेना. पानं तशीच. देवी रागावली, की देवीलाच ठरवता येईना? आणि देवीलाच ठरवता येत नसेल तर गुरवानं कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

तिसऱ्या दिवशी आवडीनंच त्याला गाठलं. म्हणाली, "गुरवानू, देवीक तुमी काय सांगलात, ता माका एकदा सांगा."

रवळूनं म्हणून दाखवलं. परबांचं गाऱ्हाणं सुरू झालं ते त्यांच्या आजापासून. घराणं, त्यांनी देवळाला दिलेली घंटा, बुवांची कीर्ती, सगळं कसं ओघानं आलं. मग धाकूचं. "धाकू कुंभारालाही मांड हवा आहे, माऊली." संपलं.

"इतक्याच?" आवडी म्हणाली.

रवळूनं पुढचं काही आठवतं का पाहिलं. पण पुढचं काही नव्हतंच. परबांच्या ओटीवर तो रोज बसत होता, त्यांच्या घरातलं मांजर व्यालेलंसुद्धा त्याला ठाऊक. कुंभारवाडीत तो मडकं आणायला जायचा आणि दारातूनच परतायचा.

"मी कधी धाकूचा मेळ ऐकूकच नाय," तो म्हणाला. "मग सांगू काय?"

"मग गेली तीन वर्सां देवीन नाय म्हटल्यान, की तुमीच सांगूक नाय?" असं विचारून आवडी घरी गेली. तिला भाकऱ्या करायच्या होत्या. रवळू मात्र तिथंच बसून राहिला. आधी एक कोडं होतं, त्याची आता दोन झाली.

बरंच डोकं खाजवून त्यानं ठरवलं की आपण बोलायचंच नाही. ज्याचं त्यानं बोलावं. त्यानं देवळासमोर दोन चिरे आणून ठेवले, एकावर परबांना बसवलं, दुसऱ्यावर आवडीला. गाव जमलं. रवळूनं देवीकडे तोंड करून उजवीकडे परबांचं पान लावलं, डावीकडे धाकूचं. मग तो लोकांकडे वळला आणि गाऱ्हाण्याची सुरुवात करून दिली. उजव्या चिऱ्याकडे हात करून म्हणाला, हे तुझं लेकरू कीर्तनासाठी मांड मागतंय. डाव्या चिऱ्याकडे हात करून म्हणाला, हे तुझं लेकरू घुमटांसाठी मांड मागतंय. गाव जोरात म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

आणि मग हशा पिकला. तीन दिवसांच्या उपाशी माणसाचं काय व्हायचं? देवीसमोरची उजवी बाजू लोकांकडे वळल्यावर डावी होते, हे जन्मभर गुरवकी करणारा माणूस विसरला! उजव्या चिऱ्यावर आवडी बसली होती. डाव्यावर विठोजी परब. म्हणजे देवीपुढे, अख्ख्या गावाच्या साक्षीनं, कुंभारणीनं कीर्तन मागितलं आणि परबांनी घुमटं.

परब ताडकन उठले. "हा काय खेळ मांडलास?" रवळूच्या तोंडचं पाणी पळालं. पण करणार काय? गावानं हुंकार दिलेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाही. ज्याच्या नावानं जे घातलं गेलं, ते त्यानंच पुरं करायचं, नाहीतर मांड वर्षभर कोणालाच नाही. परब दातओठ खात खाली बसले. म्हणाले, "माका त्या घुमटांतला काय म्हायत?"

"म्हायत नाय तर इचारून येवा," आवडी म्हणाली. "मीय येतंय तुमच्याकडे." पौर्णिमेला दोन दिवस होते.

परब दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभारवाडीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा. धाकूला फारसं बोलवत नव्हतं. त्यानं फक्त फळीकडे बोट केलं. फळीवर तीन घुमटं होती, एकाला एक लागून. दर वर्षी मांड मिळेल म्हणून त्यानं मेळासाठी नवं घुमट घडवलं होतं, चामडं ताणलं होतं, आणि मांड न मिळाल्यावर तसंच वर ठेवून दिलं होतं. तिन्हींवर कधी थाप पडली नव्हती. परबांनी त्यातलं एक खाली घेतलं, वरची धूळ पुसली, आणि बराच वेळ ते मांडीवर घेऊन बसले, असे सांगतात.

आवडी परबांच्या घरी गेली, ती मागच्या दारानं. तिथं तिला परबांची आई भेटली. ऐंशी ओलांडलेली, दोन्ही डोळे गेलेले, आणि आता कानही उतरत चाललेले. पुरतं ऐकू यायचं थांबण्याआधी एकदा चांगलं कीर्तन ऐकायचं, एवढं एकच तिनं लेकाकडे मागितलं होतं. आवडी तिथून निघाली ती डोळे पुसत. वाटेत देवळाशी थांबून रवळूला म्हणाली, "आता माकाच समजना, गुरवानू. म्हातारेक नाय कसा म्हणू?" रवळूनं कपाळाला हात लावला. त्याला वाटलं होतं की एक बाजू खरी निघेल आणि दुसरी खोटी, म्हणजे सुटलो. इथं दोन्ही खऱ्या निघाल्या.

पौर्णिमेच्या सकाळी कौल लागला. आधी आवडी बोलली. म्हातारीच्या कानांचं तिनं असं काही सांगितलं की परबांच्या सुनांनी पदर डोळ्यांना लावले. नवरा घरी शेवटचे श्वास मोजतोय आणि ही बाई परक्या म्हातारीसाठी मांड मागतेय! एक शब्द हातचा राखला नाही तिनं.

मग परब उठले. एरवी चावडीवर तासभर बोलणारा माणूस. त्यांनी ती तीन घुमटं देवीपुढे ओळीनं ठेवली आणि एवढंच म्हणाले, "गे माऊली, ही तीन वर्सां गप आसत."

गावाला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं भान राहिलं नाही. आणि पान गळलं. डावीकडचं, धाकूचं.

लोक परबांकडे बघू लागले. परब आधी गोंधळले, मग हसले. "मीच मागलंय, मीच मिळवलंय. आता रागावू कोणार?" घरी जाऊन त्यांनी आईला सांगितलं. म्हातारी म्हणाली म्हणे, कीर्तन नाही तर नाही, पण मला मांडावर नेऊन बसव, मला काहीतरी ऐकायचंच आहे.

दिवस कलताना धाकूला खाटेसकट वर आणलं. पहिलं घुमट त्यानं वाजवलं तेव्हा म्हातारी मान हलवू लागली. दुसरं वाजवलं तेव्हा वाडीची पोरंबाळं, बायामाणसं सगळी साथीला उठली. तिसरं हातात घेतलं आणि हात उठेना. दोनदा प्रयत्न केला, नाही उठला. रवळू पुढे झाला तर धाकू त्याच्याकडे बघून म्हणाला, "तीन वर्सां आदी ऐकूक होया होता, गुरवानू. तेवा हातात जीव होतो."

रागानं म्हणाला नाही. रागानं म्हणाला असता तर रवळूला बरं वाटलं असतं. आठ दिवसांनी धाकू गेला.

त्यानंतर रवळू गुरवानं देवीला एकच कौल पुन्हा पुन्हा लावला. त्या तीन वर्षांत पान गळलं ते तुझ्या मर्जीनं, की माझ्या एका ओळीमुळे? आणि चौथ्या वर्षी ठरवलंस ते तू, की माझ्या चुकीनं? पान कधीच गळलं नाही. मरेपर्यंत त्याला ते कळलं नाही, आणि खरं सांगू, आम्हालाही कळलेलं नाही.

आजही मांड मागायचा तर समितीकडे रीतसर अर्ज करावा लागतो, वही आहे, शिक्का आहे. पण एका तारखेला दोघं आले की वही मिटते आणि दोघांना या चिऱ्यांवर बसवतात. त्याआधी दोन दिवस एकमेकांच्या घरी जाऊन यायचं. मग ह्यानं त्याचं मागायचं, त्यानं ह्याचं. बघा, दोन्ही चिरे सारखेच झिजलेत. गेल्या वर्षी माझ्या पुतणीचा साखरपुडा होता आणि त्याच दिवशी क्रिकेटवाल्या पोरांचा बक्षीस समारंभ. मी त्या पोरांची बाजू मांडली. इतकी चांगली मांडली की साखरपुडा गोठ्यासमोर करावा लागला, आणि वहिनी अजून माझ्याशी धड बोलत नाही.

ते कोनाड्यात ठेवलेलं दिसतंय ना, ते धाकूचं तिसरं घुमट. त्यावर अजून कोणी थाप मारलेली नाही. कौल लावण्याआधी आजही आमचा गुरव त्याच्याकडे तोंड करून उभा राहतो, आणि गाऱ्हाण्याचा पहिला शब्द काढण्याआधी सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणतो, "माका म्हायत नाय."