संपलेल्या बाटलीचं साल

पूर्वी कधीतरी डोंगरउतारावर सखाहरीचं तळघर होतं आणि तिथल्या वाइनच्या बाटल्या आपसात बोलत. एकदा सखाहरीनं एका संपलेल्या बाटलीचं लेबल भिजवून सोडवलं आणि खालच्या द्राक्षमळ्यातल्या कोवळ्या, नव्या वाइनच्या बाटलीला चिकटवलं. लेबलवर वरच्या मळ्याचं नाव होतं आणि गारपिटीचं साल.

शेजारच्या जुन्या बाटलीनं विचारलं, "बाई, गारा पडल्या तेव्हा तू कुठल्या वेलावर होतीस?"

कोवळी काहीतरी ठोकून देणार होती. पण तिच्या अंगावरचं लेबल थकल्या आवाजात म्हणालं, "विहिरीजवळच्या. माझे निम्मे घड चिखलात गेले."

कोवळी गारठली. "कोण बोलतंय?"

"जिचं नाव तुझ्या अंगावर आहे, ती."

"पण तू तर संपलीस."

"मी संपले. नाव कुठे संपलंय?"

पुढे सखाहरीचा जुना दोस्त केरू जेवायला आला. सखाहरीनं तीच बाटली उघडून दोन पेले भरले आणि घोट घेतला.

"कुठली रे ही?" केरूनं विचारलं.

सखाहरी सांगायला गेला, तर त्याच्या तोंडून तोच थकलेला आवाज आला, "विहिरीजवळच्या वेलाची. माझे निम्मे घड चिखलात गेले."

केरूनं पेला हळूच खाली ठेवला.

"त्या वेलाची शेवटची बाटली तर गेल्या हिवाळ्यात आपणच संपवली होती, सखाहरी."